माळ, जांगल आणि पडीक : शब्दांच्या इतिहासातून दख्खनच्या गवताळ प्रदेशाचे वाचन

प्रस्तावना

भाषेचा अभ्यास आणि पर्यावरणाचे विज्ञान ही दोन क्षेत्रे आपल्या महाविद्यालयांत एकमेकांपासून दूर, बहुधा वेगवेगळ्या इमारतींत नांदतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सर्व स्तरांवर अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अभ्यासक्रमामुळे पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा विषय अभ्यासावा लागू लागला. हा पेपर शिकविण्याचे काम मात्र पुष्कळदा ज्याचा कार्यभार कमी पडतो अशा प्राध्यापकाच्या वाट्याला येते. तो प्राध्यापक मराठीचा किंवा इतिहासाचा असणे यात नवल नाही. प्रस्तुत लेखकही त्यांपैकीच एक आहे.

या पेपरच्या प्रकल्पानिमित्त विद्यार्थ्यांना घेऊन तालुक्यातील एका माळावर जाण्याचा प्रसंग आला. माळावर वृक्षलागवडीसाठी खोदलेल्या खड्ड्यांच्या रांगा होत्या आणि बहुतेक रोपे वाळलेली होती. एका विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पवहीत लिहिले होते, 'येथे पूर्वी घनदाट जंगल होते. वृक्षतोडीमुळे ही जमीन उजाड झाली.' याला आधार काय, असे विचारता तो म्हणाला, "सर, सगळीकडे तसंच असतं." जवळच मेंढरे चारणारे एक वृद्ध धनगर हे ऐकत होते. ते म्हणाले, "सर, माळ म्हंजी माळच. हितं जंगल कवा व्हतं?"

प्रस्तुत लेख या प्रश्नातून निघाला आहे. विद्यार्थ्याचे विधान खरे असेल तर माळ ही जखम आहे आणि झाडे लावणे हा तिच्यावरचा उपचार आहे. वृद्ध मेंढपाळाचे म्हणणे खरे असेल तर माळ हीच त्या भूमीची मूळ प्रकृती ठरते आणि खड्डे खोदून झाडे लावणे हाच तिच्यावरील आघात ठरतो. आजच्या जमिनीची मोजदाद विज्ञान करू शकते. उपग्रहाची चित्रे गेल्या काही दशकांची हकिकत सांगतात. परंतु सातशे वर्षांपूर्वी तेथे काय होते, हे विचारायचे असेल तर इतर पुराव्यांबरोबर त्या काळच्या भाषेकडेही जावे लागते. मराठी शब्दांचा आणि ग्रंथांचा इतिहास या प्रश्नावर कोणता प्रकाश टाकतो व त्या प्रकाशाच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रश्नाची वैज्ञानिक बाजू

सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, म्हणजे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या पूर्वभागात वर्षाकाठी साधारणतः ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. बसाल्ट खडकावर मातीचा थर उथळ असतो. अशा भूमीवर सलग गवत आणि त्यात विखुरलेली काटेरी झाडे असे रूप दिसते. दीर्घकाळपर्यंत वनशास्त्राने या रूपाकडे 'बिघडलेले वन' म्हणून पाहिले. चॅम्पियन व सेठ यांच्या १९६८ च्या सुप्रसिद्ध वर्गीकरणात हा प्रदेश प्रामुख्याने काटेरी वनांच्या सदरात येतो. गवताचा स्वतंत्र विचार करणारे दबडघाव व शंकरनारायण यांचे सर्वेक्षण १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. शेडा व मारवेल या गवतांच्या कुळांवरून त्यांनी दख्खनच्या गवताळ आच्छादनाला नाव दिले. तथापि तेथेही ही गवते वनांच्या ऱ्हासातून आली, हे गृहीतक सुटले नव्हते.

गेल्या दोन दशकांत हे गृहीतक मोडीत निघू लागले आहे. जयश्री रत्नम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये असा प्रश्न विचारला की ज्याला आपण 'वन' म्हणतो ते वस्तुतः सॅव्हाना तर नाही? झाडे आहेत म्हणून वन म्हणावयाचे की झाडांखाली सलग गवत आहे म्हणून सॅव्हाना म्हणावयाचे, हा फरक केवळ नावाचा नाही. सॅव्हानाला ऊन, चराई आणि अधूनमधून लागणारा वणवा यांची सवय असते. तिच्यावर दाट सावली आणली तर गवत मरते आणि गवतावर जगणारे सर्व काही मरते. येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. वैज्ञानिकांचा हा वाद मुळात एका शब्दावरचा वाद आहे. 'सॅव्हाना' हा शब्दही कॅरिबियन बेटांवरील मूलनिवासींच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे आलेला आहे. आपल्याकडे त्या भूमीला शब्द नव्हता, असे मात्र नाही.

माळ, रान आणि जांगल

मराठीत 'माळ' हा शब्द उंचवट्याची, उथळ मातीची, झाडे विरळ असलेली मोकळी भूमी दाखवितो. संस्कृतात 'माल' हा शब्द उंच क्षेत्र या अर्थाने येतो आणि कालिदासाच्या मेघदूतातही तो आढळतो. द्रविड भाषांतील डोंगरवाचक शब्दाशी त्याचे नाते अभ्यासकांनी सुचविले आहे. शब्दाचे मूळ कोठेही असो, माळ म्हणजे नासलेले जंगल असा अर्थ त्यात कोठेही नाही. दाट झाडीसाठी मराठीत राई, बन, झाडी असे वेगळे शब्द आहेत. देवाच्या नावे राखलेल्या झाडीला आपण देवराई म्हणतो, 'देवमाळ' म्हणत नाही. भाषेने ही दोन रूपे निरनिराळी ओळखली होती.

'रान' हा शब्द संस्कृत 'अरण्य' वरून प्राकृत 'रण्ण' मार्गे आला. त्याचा अर्थ मात्र मराठीत विस्तारला. शेतकरी सकाळी 'रानात' जातो तेव्हा तो शेतात जात असतो. गायरान हे गाईंच्या चराईचे रान असते आणि तेथे झाडे असलीच पाहिजेत असा आग्रह नसतो. वस्तीबाहेरचा, पण माणसाच्या व जनावराच्या राबत्याचा प्रदेश असा रानाचा व्यापक अर्थ होतो.

सर्वांत बोधप्रद इतिहास आहे 'जंगल' या शब्दाचा. आज जंगल म्हटले की दाट, ओलसर, सूर्यप्रकाश न पोचणारे वन डोळ्यांसमोर येते. परंतु संस्कृत 'जांगल' चा अर्थ जवळजवळ उलट होता. आयुर्वेदाच्या संहितांत देशाचे जांगल, आनूप व साधारण असे प्रकार सांगितले आहेत. आनूप म्हणजे पाणथळ, दाट झाडीचा व रोगट प्रदेश. जांगल म्हणजे कोरडा, मोकळा, वारा खेळणारा, खैर, बोर, शमी यांसारख्या झाडांचा आणि हरणांचा प्रदेश. मनुस्मृतीत राजाने जांगल देशात वास्तव्य करावे असे सांगितले आहे, ते या अर्थानेच. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच अभ्यासकाने १९८२ च्या आपल्या ग्रंथात वैद्यकीय संहितांच्या आधारे हा अर्थ सविस्तर उलगडला. म्हणजे ज्या भूमीला आज विज्ञान सॅव्हाना म्हणते तिच्याशी जवळीक असलेली एक स्पष्ट कोटी आपल्या परंपरेत होती, आणि ती आरोग्यदायी व वसाहतयोग्य मानली जात होती. पुढे शब्द राहिला, अर्थ उलटला आणि इंग्रजीने तो उचलून जगभर नेला तो उलटलेल्या अर्थानेच. माझ्या विद्यार्थ्याने 'येथे जंगल होते' असे लिहिले तेव्हा जुन्या अर्थाने तो बरोबरच होता, असे गमतीने म्हणता येईल!

मराठी ग्रंथांची साक्ष

शब्दाचा अर्थ एक कोटी दाखवितो. अमुक ठिकाणी अमुक काळी काय उगवत होते हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी स्थळ, काळ आणि वनस्पती या तिन्हींचा एकत्र उल्लेख करणारे ग्रंथ हवेत. या बाबतीत मराठी भाषा भाग्यवान आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीतील गावे, देवळे, नद्या आणि ज्यांच्याखाली ते बसले ती झाडे यांचे उल्लेख आहेत. पंथाला त्या स्थळांचे पावित्र्य जपावयाचे होते. म्हणून स्थळांची बारकाईने नोंद करणारी स्थानपोथी निर्माण झाली. श्रद्धेपोटी केलेली ही नोंद आज पर्यावरणाच्या इतिहासकाराला उपयोगी पडते. वारकरी संतांची चरित्रे, क्षेत्रमाहात्म्ये, धनगरांच्या ओव्या यांतही अशी सामग्री विखुरलेली आहे.

या सामग्रीचा पद्धतशीर उपयोग अलीकडे झाला आहे. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी पश्चिम महाराष्ट्रातील सॅव्हानाच्या इतिहासासाठी तेराव्या ते विसाव्या शतकातील पारंपरिक मराठी साहित्य तपासले. त्यांचा शोधनिबंध २०२५ मध्ये ब्रिटिश इकॉलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या साहित्यात त्यांना ४४ रानवनस्पतींचे उल्लेख मिळाले. त्यांपैकी २७ वनस्पती, म्हणजे साठ टक्क्यांहून अधिक, सॅव्हानाच्या निदर्शक आहेत. केवळ वनाच्या निदर्शक ठरतील अशा अगदी थोड्या आहेत. इतर प्रकारच्या पुराव्यांशी ताडून त्यांनी असा निष्कर्ष काढला की किमान साडेसातशे वर्षांपूर्वीही या भागाचे रूप गवताळ व काटेरी होते. त्यातील एक पुरावा पंढरपूरला जाणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. संत कान्होपात्रेने विठ्ठलचरणी देह ठेवला आणि तेथे तरटीचे झाड उगवले, अशी परंपरा आहे. तरटी हे रखरखीत माळावरचे काटेरी झाड. वारकऱ्यांनी शतकानुशतके ज्या झाडाला हात जोडले ते घनदाट वनातले नाही, ही साधी गोष्ट वैज्ञानिकाच्या दृष्टीने बोलकी आहे.

याच दिशेने पूर्वी काम केलेल्या गुंथर सोन्थायमर यांचा उल्लेख येथे केला पाहिजे. बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवरील त्यांचा अभ्यास १९७६ मध्ये जर्मनमध्ये आणि १९८९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. धनगरांच्या मौखिक परंपरेतून त्यांनी कोरड्या गवताळ पट्ट्यातील पशुपालक समाजाचा दीर्घ इतिहास उभा केला. पशुपालक समाज, त्यांची दैवते आणि त्यांची शब्दसंपदा ज्या भूमीत इतकी रुजलेली आहे, ती भूमी कालपरवा उजाड झालेली असणे संभवत नाही.

नावांची फसगत आणि पद्धतीचा प्रश्न

शब्द हा पुरावा आहे, परंतु तो उलटतपासणी केल्याशिवाय स्वीकारता येत नाही. जुन्या ग्रंथातील नाव आजच्या कोणत्या वनस्पतीचे, हे ठरविणे हा या अभ्यासाचा कणा आहे. वाचक निवडुंग हा शब्द वाचतो आणि त्याला पंज्यासारख्या फडांचा, लाल बोंडांचा निवडुंग आठवतो. पण तो फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडातील. पोर्तुगीज येण्यापूर्वीच्या ग्रंथात तो असणे शक्य नाही. तेथील निवडुंग म्हणजे आपल्याकडचा चिकाचा निवडुंग होय. नव्या वनस्पतीला जुन्या वनस्पतीचे नाव देणे ही भाषेची नेहमीची रीत आहे.

काजू, अननस, बटाटा या शब्दांवर परदेशी मुळाचा शिक्का स्पष्ट दिसतो. याउलट सीताफळ हे नाव इतके देशी की हे फळ रामायणकाळापासूनचे वाटावे; वस्तुतः त्या झाडाचे मूळ उष्णकटिबंधीय अमेरिकेत आहे. कधी नाव स्वतःच काळ सांगते. गाजर गवताची नोंद पुण्यात १९५५ मध्ये झाली. आयात धान्याबरोबर ते आले असा समज रूढ झाला आणि लोकांनी त्याला काँग्रेस गवत म्हटले. पुढील शतकातील इतिहासकाराला या एका नावावरून त्या तणाच्या आगमनाचा काळ आणि त्या काळचा लोकांचा राग दोन्ही कळतील.

नावाची ओळख पटविण्यासाठी साधनांची एक साखळी उपलब्ध आहे. गार्सिया द ओर्ता यांचा औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला आणि त्यात स्थानिक नावे नोंदलेली आहेत. केरळात तयार झालेल्या होर्तुस मलबारिकुस या ग्रंथाचे खंड १६७८ ते १६९३ या काळात निघाले. त्याच्या सिद्धतेत रंगभट, विनायक पंडित व आपुभट हे कोकणी वैद्य सहभागी होते. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणि त्याची सुधारित आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. डाल्झेल व गिब्सन यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ मध्ये, तर कुक यांचा १९०१ ते १९०८ मध्ये आला. प्राचीन मराठीसाठी शं. गो. तुळपुळे व अॅन फेल्डहाउस यांचा १९९९ चा कोश हाताशी आहे. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी वनाधिकारी म्हणून हिंडताना गोळा केलेली पक्ष्यांची, प्राण्यांची व झाडांची नावे कोशरूपाने दिली आहेत. ग्रंथातील नाव, कोशातील अर्थ, वनस्पतिग्रंथातील ओळख आणि प्रत्यक्ष माळावरील झाड अशा चार पायऱ्या जुळल्या तरच पुरावा पक्का होतो. यांतील पहिल्या दोन पायऱ्या भाषेच्या अभ्यासकाच्या आहेत आणि उरलेल्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या. एकट्याने ही चढण चढता येत नाही.

कुरणापासून पडीकपर्यंत

राज्यव्यवहाराच्या भाषेतही माळाचा इतिहास सापडतो. मराठेशाहीच्या कागदपत्रांत कुरण, रमणा, गायरान, वनचराई हे शब्द येतात. कुरण म्हणजे गवतासाठी राखलेली जमीन. घोडदळावर उभ्या असलेल्या सत्तेला गवत ही धान्याइतकीच महत्त्वाची चीज होती. म्हणून सरकारी कुरणे राखली जात आणि गवत कापून साठविले जाई. वनचराई हा चराईवरील कर होता. सुमित गुहा यांनी या काळातील सामाईक जमिनींवरील हक्कांचा अभ्यास केला आहे. त्यावरून दिसते की कुरणे राखणे ही गोष्टही निर्वेध नव्हती. सत्तेचे कुरण आणि गावाची चराई यांत संघर्ष असे. जुना काळ सुवर्णकाळ होता असे म्हणण्याचे कारण नाही. महत्त्वाची गोष्ट एवढीच की त्या व्यवस्थेत गवताच्या जमिनीला स्वतःचे नाव होते, मोल होते आणि म्हणून रखवालदारही होता.

हे चित्र एकोणिसाव्या शतकात बदलले. इंग्रजी राजकीय विचारात न नांगरलेली जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन, ही कल्पना सतराव्या शतकातील जॉन लॉकच्या लेखनापासून दृढ झालेली होती. ती कल्पना महसूल व्यवस्थेतून येथे आली. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीची मोजणी व जमाबंदी सुरू केली आणि पुढे ती इलाखाभर पसरली. मातीचा रंग आणि खोली पाहून जमिनीची प्रत ठरू लागली. हे वर्गीकरण पिकासाठी होते; त्यात गवताला प्रत नव्हती. ज्यातून सारा येत नाही ती पड.

'पड' हा शब्द जुनाच होता. त्याचा कुणब्याच्या भाषेतील अर्थ मात्र वेगळा होता. जमीन पड ठेवणे म्हणजे तिला विसावा देणे. पड ही अवस्था होती आणि ती संपत असे. सरकारी दप्तरात ती जात बनली. पोटखराबा, लागवडीस अयोग्य, पडीक ही विशेषणे सातबाराच्या उताऱ्यात कायमची जाऊन बसली. मोल्सवर्थ यांचे शास्त्री-पंडित माळ, गायरान, कुरण हे शब्द कोशात गोळा करीत होते त्याच दशकांत मोजणीदार या सर्वांना एका सदरात लोटत होते, हा काळाचा विलक्षण योगायोग म्हटला पाहिजे.

याच्या दुसऱ्या बाजूला वनखाते उभे राहिले. अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी राखीव वनांची संकल्पना आणली आणि झाडे नसलेले माळ, डोंगरउतार व गायराने यांनाही 'वन' या नावाखाली घेतले गेले. त्याची झळ कोणाला लागली हे महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये स्पष्टपणे नोंदविले आहे. सरकारी वनखात्याने डोंगर, दऱ्या, पडीत जमिनी व गायराने घशात घातल्यामुळे गरीब शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांना व गुरांना जागा उरली नाही, अशी त्यांची तक्रार आहे. हा ग्रंथ आपण सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून शिकवितो. तो पर्यावरणाच्या इतिहासाचेही साधन आहे.

अशा रीतीने माळ दोन दप्तरांत विभागला गेला. महसूल दप्तराने त्याला पडीक ठरविले आणि वन दप्तराने झाडे नसलेले वन. दोन्ही नावांनी त्याच्यातील उणीव सांगितली. तो काय आहे ते कोणीच लिहिले नाही.

शब्दांची किंमत

स्वातंत्र्योत्तर काळात ही नावे बदलली नाहीत. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले. २००० पासून देशाच्या पडीक जमिनींचे नकाशासंग्रह निघू लागले आणि झुडपी व गवताळ जमिनींचे मोठे क्षेत्र त्यांत पडीक म्हणून रंगविले गेले. अशा जमिनींवर ग्लिरिसिडिया, निलगिरी, सुबाभूळ यांची लागवड झाली. सुबाभूळ या नावातच शिफारस आहे: परदेशी झाडाला 'सु' हा उपसर्ग लागला आणि माळावरची काटेरी बाभूळ आपोआप हिणकस ठरली. महाराष्ट्र शासनाने २०१७ ते २०१९ या काळात ५० कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला होता. झाडे लावण्यामागील सदिच्छेविषयी शंका नाही. ती कोठे लावावीत, हा प्रश्न मात्र 'पडीक' या शब्दाने विचारूच दिला नाही.

या शब्दाची किंमत कोणी दिली हे पाहावयाचे तर माळढोकाकडे पाहावे. माळाचे नाव धारण करणाऱ्या या पक्ष्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. पुढे ते सुमारे १,२०० चौरस किलोमीटरपर्यंत आटले. आज महाराष्ट्रात माळढोकाचे दर्शन ही दुर्मीळ घटना झाली आहे. याला शिकार, शेतीचा विस्तार, विजेच्या तारा अशी अनेक कारणे आहेत. परंतु ज्या भूमीवर तो राहतो ती भूमी दप्तरी 'काहीच नाही' अशी नोंदलेली असणे, हे या कारणांच्या मुळाशी असलेले कारण आहे. अभयारण्य हा शब्दही पाहण्यासारखा आहे. अरण्यात कधीच न राहिलेल्या पक्ष्याला आपण अभय दिले ते अरण्याचे!

न्यायव्यवहारातही शब्दच निर्णायक ठरला आहे. गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश दिला की 'वन' हा शब्द कोशातील अर्थाने समजावा. त्यामुळे दप्तरी नोंद नसलेल्या वनांना संरक्षण मिळाले. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा हा कोशगत अर्थ पुन्हा वादाचा विषय झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशाने तो तूर्त चालू ठेवला. शब्दकोश हा पर्यावरणाच्या खटल्यात साक्षीदार होऊ शकतो, याहून भाषेच्या व पर्यावरणाच्या नात्याचा मोठा दाखला कोणता द्यावा? मात्र हे संरक्षण 'वन' या शब्दाला आहे. माळाला असा कोशगत आधार मिळालेला नाही.

मर्यादा

येथवरच्या विवेचनावरून महाराष्ट्रात वृक्षतोड झालीच नाही, असा अर्थ कोणी काढू नये. घाटमाथा, कोकण आणि विदर्भ येथील वनांचा ऱ्हास झाला आहे. पर्जन्यछायेच्या पट्ट्यातही नदीकाठी व डोंगरकपारीत झाडी होती आणि ती घटली. चराईचा अतिरेक झालेले माळही पुष्कळ आहेत. प्रत्येक माळ प्राचीनच आहे असे शब्दांवरून ठरत नाही. प्रत्येक माळ नव्याने उजाड झाला आहे हे गृहीतकच तेवढे डळमळीत होते.

साहित्य म्हणजे सर्वेक्षण नव्हे, हेही विसरता येणार नाही. कवी वनवर्णन करू लागला की पूर्वसूरींच्या याद्या उचलतो आणि मग दख्खनच्या माळावर चंदन व देवदार शेजारी शेजारी फुलतात. अशा सांकेतिक वर्णनांना पुरावा मानता येत नाही. ज्या उल्लेखाला प्रसंग आहे, स्थळ आहे आणि ज्यामागे वर्णनाचा हेतू नाही तो उल्लेख अधिक विश्वसनीय. शिवाय लिहिणाऱ्यांनी जे पाहिले नाही ते ग्रंथात नाही. गवताच्या जातींची नावे पोथ्यांत क्वचित येतात. ती मेंढपाळाच्या व कष्टकरी स्त्रीच्या तोंडी असतात. पवन्या, कुसळी, मारवेल, शेडा ही नावे धनगराला पाठ असतात आणि पदवीधराला परकी. हेमा राईरकर व गी पॉइत्व्हँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. हे भांडार पर्यावरणाच्या दृष्टीने वाचण्यास पुष्कळ वाव आहे.

निष्कर्ष

पहिली गोष्ट, माळ, कुरण, गायरान आणि जुन्या अर्थाचा जांगल या शब्दांनी गवताळ भूमीची एक स्वतंत्र व सन्मान्य कोटी जपली होती. दुसरी, तेराव्या शतकापासूनच्या मराठी ग्रंथांतील वनस्पतींचे उल्लेख ही कोटी वास्तवावर आधारलेली होती या मताला बळकटी देतात. तिसरी, एकोणिसाव्या शतकातील महसूल व वन या दोन्ही दप्तरांनी ही कोटी पुसून तिच्या जागी अभाववाचक शब्द ठेवले आणि त्या शब्दांनुसार आजही जमिनीवर निर्णय होतात.

आपल्या महाविद्यालयांपुरते बोलावयाचे तर एक छोटे काम सहज करता येण्याजोगे आहे. मराठी, इतिहास आणि वनस्पतिशास्त्र या विभागांनी मिळून आपापल्या तालुक्यातील माळांची नावे, गवतांची व झाडांची स्थानिक नावे आणि ती सांगणाऱ्या माणसांच्या आठवणी नोंदवाव्यात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० बहुविद्याशाखीय अभ्यासाची भाषा बोलते. त्यासाठी याहून जवळचा विषय शोधण्याची गरज नाही. अडचण एवढीच की ही नावे जाणणारी पिढी आता वृद्ध झाली आहे.

ज्या इंदापूर तालुक्यात १८३५ मध्ये मोजणीची साखळी प्रथम फिरली, त्याच तालुक्यातील कडबनवाडीच्या गवताळ माळावर आज वनविभागाने चिंकारा व लांडगे पाहण्यासाठी सफारी सुरू केली आहे. सातबारावर काहीही लिहिलेले असो, तो माळ 'काहीतरी आहे' हे शासनाच्याच एका विभागाने मान्य केल्याचे हे चिन्ह आहे. माझ्या विद्यार्थ्याने वहीतील ते वाक्य खोडून त्याजागी लिहिले, 'ही जमीन माळ आहे.' वाक्य छोटे असले तरी त्याला आधार होता, आणि तो आधार त्याला एका मेंढपाळाने दिला होता.